चारशेचं वर्गमूळ

तळोद्याहून निघालेली जीप आश्रमशाळेच्या फाटकाशी थांबते
तेव्हा पोरं आधीच रांगेत असतात,
डाव्या हाताची बोटं पुढे करून.

एक थेंब, एक नळी.
नळीमागे रेघांचा कागद धरायचा.
रेघा दिसल्या तर जा, खेळ.
गढुळात बुडाल्या तर नाव वहीत.
रजन्या वळवीच्या नळीत रेघा दिसेनात.
तो म्हणाला, कागद उलटा धरून बघा ना.
धरला.

रात्री हेडसरांच्या टेबलावर मी हिशोब मांडते.
आमच्या वहीत चारशेंमागे एक पोर सिकलचं,
गुडघे पोटाशी घेऊन कण्हणारं, डोळे हळदीसारखे.
चारशेचं वर्गमूळ वीस.
म्हणजे ती चुकीची ओळ
विसांत एका जागी उतरवलेली.
आईकडून आली असेल किंवा बापाकडून, म्हणून दुप्पट.
दहांत एक.
धट्टाकट्टा, कबड्डीत पहिली चढाई त्याचीच,
आणि अंगात अर्धी चिठ्ठी घेऊन हिंडतोय.
उरलेली अर्धी कुणाकडे,
ते लग्न जमवणाऱ्यालाही ठाऊक नाही.

सूत्राची मात्र अट असते:
सोयरिकी डोळे मिटून व्हाव्यात,
कुणाचीही कुणाशी.
इथे तर पाच पाड्यांच्या लेकी
त्याच पाच पाड्यांत नांदतात.
सूत्राला पाडे कळत नाहीत.
मी समासात लिहिते:
वाहकांचा अंदाज थोडा जास्त आला असावा.

स्वयंपाकाच्या रायकीबाई भांडी पालथी घालून येतात,
दाराला टेकून विचारतात,
काय लिखी ऱ्हायनी, ताई?
मी सांगते, चारशेंत एक.
त्या वहीकडे बघतात. वाचता येत नाही, तरी
बराच वेळ बघतात.
मन्हा दोन धरात का?

नाही धरले.
वहीत फक्त
आज रांगेत उभं राहता आलं ती पोरं.

मी समासातलं ‘जास्त’ खोडते.
वर ‘कमी’ लिहायला जाते, तेही राहतं.
मग शेवटच्या पानावर पट्टीनं दोन रेघा ओढून
नावं विचारते.

एक सांगतात. दित्या. चार वर्षांचा.
दुसरं नऊ महिन्यांचं, पोट फुगून गेलं.
बाप गुजरातेत ऊस तोडायला,
बारसं तो आल्यावर करायचं होतं.

ती रेघ कोरीच आहे.
नीट दिसते.