डावा पुढचा कोपरा

रात्री नीट उभी असते,
सकाळी डावा पुढचा कोपरा जमिनीला टेकलेला.
म्हैस बसायच्या आधी पुढचे गुडघे मोडते,
तशी.

"जुझे, हिका झाला काय?" आरावंदेकर म्हणाले.
म्हटलं, दम लागलाय तिला. हवेवर उभी आहे ती.
स्प्रिंग नाही, पाटे नाहीत,
चार रबरी पिशव्यांत कोंडलेली हवा,
त्यांतली एक रात्रभर सुस्कारे सोडते.
साबणाचं पाणी लावून दाखवलं:
रबर रोज जिथे मुडपतं त्या घडीत
बारीक बुडबुडे, कुर्लीच्या तोंडाला येतात तसे.
वाकून बघत राहिले.
खिशातलं पेन पडलं ते उचललंच नाही.

दहा वर्षांची जर्मन, बेळगावातून आणलेली,
नव्या छोट्या गाडीपेक्षा स्वस्त.
गाडी स्वस्त. तिचा पंप विचारा.
तिचा पंप म्हणजे माझ्या गॅरेजचं छप्पर,
पन्हळीसकट.

मी मुळातला होड्यांच्या इंजिनांचा माणूस.
तिथे बिघाड कानांना कळतो.
हिचं सगळं झाकणाखाली, झाकणाखाली आणखी झाकण,
आणि मग प्लास्टिक.
उकळतं पाणी जिथून फिरतं तिथे प्लास्टिकचं कोपर!
बोटानं दाबलं तर
सुक्या बांगड्याच्या काट्यासारखं मोडलं.
कुणीतरी थंड देशात बसून ठरवलं असणार,
एवढी वर्षं पुरे.

पुतणी माझी, फिलू, स्कॅनर लावते.
सतरा चुका.
"काका, ही म्हणते मागचं दार उघडं आहे,
उजवा दिवा नाहीच,
आणि बाहेर उणे चाळीस डिग्री थंडी."
वेंगुर्ल्यात, मे महिन्यात.
फिलूच्या नाकावरून घामाचा थेंब पडला
तो थेट स्क्रीनवर.
हसून झालं, मग सीट काढली.

सीटखाली गालिचा, गालिच्याखाली स्पंज,
स्पंजात गेल्या पावसाळ्याचं पाणी
आणि पाण्यात गाडीचा मेंदू,
पितळेत ताक कळकावं तसा हिरवा.
आलं कुठून? वर, छपरातल्या काचेच्या कोपऱ्याला
पेन्सिलीएवढी नळी असते.
तार घालून ओढत गेलो
तर सुरूच्या काड्या, एकीत एक गुंतलेल्या,
मूठभर निघाल्या.

"गाडी लावतास खंय?"
"वेळेर. सुरूंखाली. सावली असता."

मी हिशेब मांडला.
चारही पिशव्या काढून टाकू,
लोखंडी स्प्रिंगा घालू, जन्माची कटकट जाईल.
कायम एका उंचीवर राहील गाडी,
फुगायचं नाही, बसायचं नाही.
निम्म्याहून कमी पैशांत.
माझ्यामते तर विचार करण्यासारखंही काही नव्हतं.

ते गप्प. चहा निवला.
मग माझ्याकडे नाही, फिलूकडे बघून बोलले.
"ती खाली बसता, म्हणान तर आमची ही चढता."

एक बटण आहे आत.
मला वाटायचं शोभेचं.
दाबलं की गाडी चार बोटं खाली येते,
आणि शालिनीबाई, ज्यांना घरची पायरीसुद्धा
आडवं होऊन उतरावी लागते,
दार धरून, एक पाय, मग दुसरा,
बसतात.
समुद्रापाशी उतरत नाहीत. काच उघडून वर बघतात.

डावं पुढचं दार त्यांचं.
एवढ्या वर्षांत तीच पिशवी हजारदा वाकलेली,
तीच आधी गेली.

कोल्हापूरच्या भंगारवाल्याकडे एक आहे म्हणतात,
यायला अकरा दिवस.
तोवर मी पाण्याचं कोपर पितळेत घडवून बसवलं,
होडीच्या पाइपाचं,
गाडी मरेल पण ते मरायचं नाही.
फिलूनं मेंदू सुकवला, घासला, सतरातल्या सोळा पुसल्या.
थंडी मात्र जात नाही. उणे चाळीस.

आणि सुरूंखाली लावू नका, दोनदा सांगितलं.
आरावंदेकरांनी मान हलवली, दोन्ही वेळा.

आज सकाळी आले हवा भरायला.
वायपरखाली काड्या.