फेसाचा दाणा

पुन्हा तेच. अपलोड संपलं आणि नदीचा भात झाला.
गिजगा, चौकोनी, निळसर भात.
ज्या फेसातून मी जीव मुठीत धरून आले
तो फेसच नाही त्यात.

हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात तर होतं सगळं.
कार्ड घरच्या संगणकात घातलं की दिसतं:
ला काम्पानाच्या खडकावर फुटलेलं पाणी,
एकेक थेंब आपापल्या सावलीसकट.
वर पाठवलं की दोन मिनिटांत दरिद्री.

बाबांचा फोन आला पुएर्तो मोन्तहून.
चाळीस वर्षं त्यांनी फुतालेउफूवर तराफा ओढला
तारेला धरून. गुरं, पिठाची पोती,
एकदा एक नवरी, रडत होती ती,
या काठावरून त्या काठावर.
आता आत्याकडे, तिसऱ्या मजल्यावर,
नव्या गुडघ्यांनिशी खिडकीशी बसून.
म्हणाले, "यानारा, हे काय दाखवतेस?
फेसाचा दाणा दिसत नाही.
दाणा दिसल्याशिवाय कसं सांगू
पाणी चढतंय की उतरतंय?"

गेले बेलार्मिनोकडे, वाचनालयात.
गावातलं एकमेव धड इंटरनेट
त्याच्या विश्वकोशांच्या कपाटामागे राहतं.
माते पिता पिता तो म्हणाला,
यंत्र कंजूष आहे, मूर्ख नाही.
जे हलत नाही ते एकदाच लिहून ठेवतं:
डोंगर, आभाळ, तुझ्या होडीचं लाल टोक.
जे हलतं त्याला क्षणाक्षणाला नवी शाई,
आणि शाई मिळते मोजून.
तुझी नदी तर नखशिखांत हलते.
पहिली पुसली जाणार तीच.

मग सांगत गेला, मी पावतीच्या पाठीवर लिहीत गेले.
उतरण्याआधी काचेला जीभ लाव, थेंब टिकत नाही.
कॅमेऱ्याला म्हण, कडा कोरू नकोस, कोरीव पाणी आधी फाटतं.
साठ फ्रेम टिपल्यास तर साठच ठेव.
बिटरेट सढळ हाताने.
चॅटवरून तर मुळीच नको,
तिथून हत्ती पाठवला तर शेपूट पोचतं.
आणि फाइल फुगवून चार-के कर, मूळ छोटी असली तरी.

"हे खोटं नाही का?"

हसला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय.
पण अंथरूण कापणारा वाटेत बसला असेल
तर ते पायांहून मोठं घालावं.
कापून कापून तो पायांपर्यंत येईल.

अकरा तास.
सहाला वाचनालय बंद, त्याने किल्ली माझ्याकडे दिली.
चुलीत लेंगाचं लाकूड, बाहेर वारा,
पडद्यावर बासष्ट टक्के, बासष्ट टक्के, बासष्ट.
इतकी वाट मी नदीची कधी पाहिली नव्हती,
ती नेहमी माझ्याआधी पोचलेली असायची.
पहाटे शंभर झाले. बाबांनी लगेच उघडलं.
"पुन्हा भातच."
थांबा, म्हटलं, अजून शिजतंय.
आधी पातळ येतं, दाट मागून. जेवून घ्या, मग बघा.

संध्याकाळी फोन.
बराच वेळ नुसता श्वास.
मग एकदम तराफ्यावरचा आवाज,
काठावरच्या माणसाला ऐकू जाईल असा:
"बाराव्या सेकंदाला, खडकाच्या डावीकडे,
पाणी मागे वळतंय बघ. दाणा बारीक पडलाय,
साबुदाण्यासारखा. चढतंय ते.
नशिबाने सुटलीस. उद्या जाऊ नकोस."

तो व्हिडिओ गेल्या शनिवारचा होता.
पाणी चढलं, उतरलं, आज गुडघाभर खाली आहे,
आणि मध्ये दोनदा मी तिथून जाऊन आले.

"नाही जाणार," म्हटलं.
"डावीकडून तर नाहीच," ते म्हणाले,
आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावल्याचा
आवाज आला फोनमध्ये:
नदी, आणि नदीत माझं
एकदाच, जोरात, श्वास घेणं.