फ्यूजमागचं नाणं

डुलुथच्या चढावर, सरोवराकडे पाठ करून बसलेलं घर.
विमा कंपनीचं तिसरं पत्र आलं
तेव्हा बोर्गहिल्ड ट्वाइटबाईंनी मला बोलावलं.
चौऱ्याऐंशी वय. दारातच म्हणाल्या,
"दिवे लागतात. मग बिघडलंय काय?"

बावीस वर्षं मी भिंती फोडते आहे.
या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असतं,
पण प्लास्टर उतरेपर्यंत ते कुणी ऐकत नाही.

पाओ अंगाने बारीक, तो माळ्यावर सरपटत गेला
आणि आतून ओरडला, "इर्या, हे सुंदर आहे!"
होतंच.
चिनी मातीच्या पांढऱ्या गोट्या तुळईतुळईला ठोकलेल्या,
त्यांवरून दोन तारा, वीतभर अंतर राखून,
अबोला धरलेल्या जावांसारख्या.
लाकूड आडवं आलं की नळीतून पार,
कुठेही अंगाला अंग नाही.
प्रत्येक सांधा पिळलेला, डाख दिलेला, पट्टीत गुंडाळलेला.
आणि एका वाशावर पेन्सिलीने:
ई. सालो, नोव्हेंबर १९१६, बोटं गारठली.

सालोचं काही चुकलं नव्हतं.
त्याने तारांना हवा ठेवली होती,
मागून आलेल्यांनी थंडीपायी तिथे भुसा कोंबला.
कापडाखालचं रबर म्हातारं झालं,
बोट लावलं की भुगा.
त्याच्या काळी खोलीला एक दिवा.
टोस्टर, इस्त्री, हीटर, टीव्ही,
ही वरात येणार आहे हे त्याला कुणी कळवलं नव्हतं.

तळघरात फ्यूजची पेटी.
चौथा फ्यूज फिरवून काढला
तर मागून एक नाणं घरंगळलं.
तांब्याचा सेंट, १९६९.

फ्यूजने स्वतः जळायचं आणि घर राखायचं, एवढंच त्याचं काम.
नाणं जळत नाही.
नाणं कुणालाच नाही म्हणत नाही.
त्या तारेचा माग काढत वर गेलो,
स्वयंपाकघरावरची तुळई हातभर कोळसली होती.
चमडी गेली तरी दमडी सुटू नये, म्हणतात.
इथे दमडी जागची हलली नव्हती;
चमडी कशी वाचली, तेच कळेना.

नाणं मी बाईंच्या तळहातावर ठेवलं.
बराच वेळ त्या ते उलटसुलट करत राहिल्या.
"पंचाहत्तरचं वादळ," म्हणाल्या. "जानेवारी.
दाराच्या कडीपर्यंत बर्फ. लीफ तीन आठवड्यांचा.
एकदम काळोख, भट्टीचा पंखा बंद.
हॅल्वर टॉर्च घेऊन खाली गेला
आणि दिवे आले.
आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या सासूनेसुद्धा."

"दुकान उघडल्यावर फ्यूज आणायचा होता," मी म्हटलं.

"उद्या आणतो म्हणाला असेल.
तो सगळंच उद्या आणायचा."

त्या छताकडे बघत होत्या. मोजत असाव्यात,
किती हिवाळे, वर किती मुलं झोपलेली,
आणि खाली ते, गरम.

"गाढव," म्हणाल्या.
मग चहा ओतताना, माझ्याशी नव्हे,
"आणि टाळ्या वाजवल्या मी."

अकरा दिवस लागले.
पाओने गोट्या बादलीत जमवल्या,
एक बाईंनी ठेवून घेतली, बिलांवर वजन म्हणून.
सालोच्या वाशाला मी हात लावला नाही,
नव्या तारेचं भोक दोन बोटं बाजूला पाडलं.
"आपणही नावं लिहायची?" पाओने विचारलं.
आधी पन्नास वर्षं टिकू दे, मी म्हटलं.
नंतर पाहिलं तर त्याने लिहिलं होतं. बारीक अक्षरात.

शनिवारी संध्याकाळी फोन.
"अर्धं घर काळोखात आहे!"
काय लावलंत, मी विचारलं.
हीटर, किटली आणि इस्त्री, तिन्ही एकाच खोलीत.
पेटीतला खटका पडलाय, एक काढा आणि तो वर करा.

पलीकडे पावलं, जिना, खट्, मग बाईंचा श्वास.
"एवढे पैसे घेतलेस," त्या म्हणाल्या.
"हॅल्वरच्या नाण्याने
कधी असा अंधार केला नाही."

तेच तर, मी म्हटलं.
त्यांनी फोन ठेवला नव्हता.
किटलीला उकळी फुटत होती.