वरचे वीस

वजन किती, हा प्रश्न
मी गिऱ्हाइकाकडे न बघता विचारते.
हातात पाना, समोर कुणाचं तरी उघडं चाक,
तारा एकेक छेडत, सहज: आणि वजन साधारण?

इमानोल म्हणाला, एकशे दहा.
खुर्ची म्हणाली, नाही.
मी कागदावर एकशे दहाच लिहिलं
आणि मनात वरचे वीस मिळवले.
सडसडीत पोरं घाट किती मिनिटांत चढली
ते कमी करून सांगतात, त्यातलाच प्रकार.

तीस वर्षं ट्यूनाच्या बोटीवर आचारी.
हलत्या जमिनीवर पाय रोवून
चौदा माणसांचं कालवण ढवळलेला माणूस.
"समुद्रालाही चढ असतो ग," म्हणाला,
"पण तो बोट चढते."
तेच हवं होतं त्याला. बोट.

बेर्मेओत सपाट म्हणावा असा एक धक्का,
आणि माझ्या दुकानाची फरशी,
तीही अशी की सुटलेले बोल्ट दाराकडे निघतात.
बाकी सगळं उभं.
त्याचा वाफा पार वर, टेकडीच्या पाठीवर,
मिरच्या आणि काळा घेवडा.
गुडघा कापल्यापासून मेहुणा बघतो,
म्हणजे बघत नाही.

त्याच्या मनात खिडकीतली भरली होती. बारीक, निळी,
मागच्या चाकात मोटर.
मी म्हटलं, ती सपाटीची रे.
तुला घेऊन आधी कण्हेल, मग तापेल,
मग अर्ध्या चढात म्हणेल, उतर.
तुला मोटर हवी मधोमध, पायडलपाशी,
गिअरच्या जोरावर खेचणारी.
मागच्या चाकाला छत्तीस तारा.
टायर तीन बोटं रुंद.
दांडा खाली वाकलेला: पाय वरून फेकायचा नाही,
उंबरा ओलांडावा तसं आत शिरायचं.
आणि ब्रेक.
चढायचं सगळे विचारतात.
उतरायचं मला सांगावं लागतं.

सीट तीन बघितल्या.
पहिलीवर बसून तो गप्प.
दुसरीवर गप्प.
तिसरीवर बसला आणि बांगड्याच्या भावाबद्दल बोलू लागला.
ती लावली.

सांगाड्यावर चिकटवलेलं असतं: एकूण भार एकशे ऐंशी.
एकूणमध्ये सायकल येते, सत्तावीस.
घेवड्याची पिशवी येते.
हे मी मोठ्यानं वाचलं, भिंतीला सांगावं तसं.
तो खाली बघत होता. ओठ हलत होते.

फेरी वीस मिनिटांची असते.
तास झाला.
मी दोनदा दारात आले,
सायरन ऐकू येत नाही ना, ते ऐकायला.

आला तो वाऱ्यानं लाल झालेला, घाम नाही.
नीट ब्रेक दाबून दारातच थांबला.
आता मोटरचं सांगेल, चढाचं सांगेल.
म्हणाला, "वरून माझं घर दिसतं.
छपराची दोन कौलं फुटलीत.
चार वर्षं मी चुलीपाशी पातेलं मांडतोय
आणि शिव्या देतोय नळवाल्याला."

खिशातून मिरच्या काढल्या,
मेहुण्याच्या तडाख्यातून वाचलेल्या, सुरकुतल्या, वाकड्या.
गल्ल्याशेजारी ठेवल्या.

मग, कुणी विचारलं नसताना:
"एकशे एकतीस."

मी एकशे दहा खोडलं.
माझा अंदाज एका किलोनं चुकला होता.
तो मिरच्यांचा धरते, म्हटलं,
आणि रंग विचारला.