विरूपाक्ष, तुझ्या माशांविषयी

कलबुर्गीला जाताना तू किल्ली दिलीस,
खाण्याची पिशवी दिलीस
आणि म्हणालास, म्हशींपेक्षा सोपे असतात.
एकतीस वर्षं खानापूरच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो,
मीही मान हलवली.

म्हशीला दुखलं की ती सांगते.
रवंथ थांबवते, कान पाडते,
उरलेलं शेणात लिहून ठेवते.
मासा तोंड उघडतो, मिटतो.
बरा असला तरी तेच,
टेकीला आला तरी तेच.

सोळाव्या दिवशी टिळा हौदाच्या भिंतीला अंग घासू लागला.
चकाकून वळायचा, पोटाची पांढरी बाजू दाखवायचा.
मला वाटलं, रमला.
यमुना कपडे वाळत घालता घालता म्हणाली,
"रमलाय कुठला, अंग खाजवूलालाय त्यो."

मग शेवंतीनं पर अंगाशी आवळून घेतले.
डांबर जिथं नळाची धार पडते तिथंच,
तोंड वर काढून, दिवसभर.

मी औषधाची बाटली काढली. झाकण उघडलं.
हात थांबला,
हौदात पाणी किती ते मला माहीत नव्हतं.
वजन न बघता औषध कुठल्या जनावराला दिलं होतं मी?
यमुनाच्या शिवणाची टेप घेतली,
लांबी, रुंदी, खोली.
चार हजार दोनशे लिटर.

बेळगावला जाऊन पाणी तपासायची पेटी आणली.
नळीत थोडं पाणी, वर मोजून थेंब,
पाच मिनिटं थांबायचं.
पिवळं राहिलं तर बरं.
हिरवं झालं,
कच्च्या पेरूच्या सालीसारखं.

खाणं बंद केलं.
नळाचं पाणी ड्रमात दिवसभर उघडं ठेवून
रोज चौथा हिस्सा बदलला.
जाडं मीठ, हजार लिटरला तीन किलो,
तेही तीन दिवसांत विभागून.
दुकानदार म्हणाला, "मास्तर, लोणचं केवढं घालताय?"
(मी मास्तर कधीच नव्हतो. त्याला काय.)

टिळ्याच्या कुशीला लाल खड्डा पडला होता,
तुमच्यात हुण्णु म्हणतात तसला.
निळ्या टबात दहा लिटर पाणी,
दहा थेंब लवंगेचं तेल, आधी बाटलीत खळखळून.
यमुना दाढेला लावते, तेच.
टिळा हळूहळू आडवा झाला.
ओल्या पंचात घेतला, डोळे झाकले,
कापसाच्या बोळ्यानं आयोडीन.
तुझा मासा माझ्या तळहातावर होता, विरूपाक्ष,
आणि सगळ्या अंगणाला दातदुखीचा वास.
परत पाण्यात सोडला तेव्हा
कल्ले हलेपर्यंत मी स्वतः श्वास घेतला नाही.

डांबर गेला.
डोळे बाहेर आले, खवलं उभी राहिली,
वरून बघितलं तर सीताफळ.
तिथून परत येत नाहीत म्हणे.
कर्दळीखाली पुरला.
दवाखान्याचं रजिस्टर मी एकतीस वर्षं कन्नडमध्ये भरलं,
मेलेली गुरं, नग, कारण, सही.
या वेळी घरच्या वहीत मराठीत लिहिलं:
मासा, एक. कारण,
आणि पुढं जागा सोडली.

ती जागा आता भरतो.
तुझ्या पंपाची घरघर रात्री खिडकीतून येते.
यमुनाला झोप लागेना,
म्हणून झोपताना मी बटण बंद करायचो.
सकाळी चालू.
वर दिवसातून पाच वेळा खायला घालायचो,
हात दिसला की धावत यायचे, म्हणून.
तू सांगितलं होतंस दोनदा.
मला वाटलं तू कंजूष.

आता पंप रात्रभर चालतो.
टिळ्याच्या जखमेवर पातळ पापुद्रा धरलाय.
शेवंती पर पसरून फिरते.

परवा रात्री दोनला लाईट गेली.
घरघर थांबली
आणि आम्ही दोघंही एकदम उठून बसलो.
यमुनानं कंदील धरला,
मी हौदाच्या कडेला बसून
लोट्यानं पाणी उचलत राहिलो, उंचावरून ओतत राहिलो.
पहाटे पाचला ती म्हणाली, "आता मी ओतते,
तू हात शेकून घे."
लाईट सातला आली.