सोमवारचं दुकान

सोमवारी आमचा धंदा बंद.
सातपूरपासून पवननगरपर्यंत
कुठल्या दुकानात कात्री वाजत नाही.
मी शटर अर्धं उघडतो,
माणूस वाकून आत येईल एवढंच.

पहिल्यांदा तो आला तेव्हा रविवार होता.
टीव्हीवर मॅच, बाकावर सहा जण.
मी मशीन चालू केलं
आणि शर्विलने माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला.
बाकावरून कुणीतरी म्हणालं,
दोन ठेवून द्या, बसेल गप.
त्याची आई बोलली नाही.
पैसे काउंटरवर ठेवले, ओढणीने त्याचं डोकं झाकलं,
अर्धं कापलेलं.
महिनाभर ते अर्धं डोकं
माझ्या दुकानावरून जायचं
आणि मी आरसा पुसत बसायचो.

चाव्याची खूण गेली.
ते वाक्य मी बोललो नव्हतो,
अडवलंही नव्हतं.

मग एक दिवस गेलो त्यांच्या बिल्डिंगमध्ये,
कात्री घरी ठेवून.
तिने दारातच शिकवणी घेतली:
फवारा नको. पावडर नको.
गळ्याशी कापड आवळायचं नाही.
सांगितल्याशिवाय मागून यायचं नाही.
तीस वर्षं लोकांच्या मागे उभा राहूनच
पोट भरलंय मी.
म्हटलं, ताई, जमेल का ठाऊक नाही.
म्हणाली, मला तरी कुठे ठाऊक होतं.

पहिल्या सोमवारी तो पायरीवरून परत गेला.
दुसऱ्या सोमवारी नुसती खुर्ची फिरवली, चौदा वेळा.
मोजल्या त्याने.
पाचव्या की सहाव्या खेपेला एक बट पडली.
ती उचलून त्याने खिशात घातली.

आता बाक पुरत नाही.
वडाळ्याहून उजमा येते,
अब्बूंच्या खांद्यावर, कानांवर हात घट्ट.
गंगापूर रोडचे एक डॉक्टर येतात,
मुलासमोर जमिनीवर बसतात,
इस्त्रीच्या पँटला केस चिकटतात.
'याला काय झालंय' असं इथे कुणी विचारत नाही.
सिव्हिलला दाखल्याची खिडकी कुठल्या वारी उघडते,
कुठल्या शाळेने कालच नाही म्हटलं,
कुणाची सासू काय बोलली,
सगळं दबक्या आवाजात,
पंखासुद्धा बंद.

एक बाई नुसती झोपते.
भिंतीला डोकं टेकून, तासभर.
तिच्या मुलीचे केस घरीच कापतात,
ती त्यासाठी येतच नाही मुळी.
मुलगी उजमाच्या अब्बूंकडे असते.
बाईला कुणी उठवत नाही.

बायको विचारते, सोमवारचे किती जमले?
गल्ला उघडतच नाही म्हटलं,
खणाचा खडखडाट होतो.

तो बोलणारा अजून येतो रविवारी, दाढीला.
परवा म्हणाला,
सोमवारी कसली रे गर्दी असते तुझ्याकडे?
वस्तरा त्याच्या गळ्याशी होता.
म्हटलं, हलू नका.

आज शर्विलची डावी बाजू झाली.
तेवढ्यात समोरून सिटीलिंकची बस गेली
आणि तो उठला, बस मोजायच्या होत्या.
उजवा कान राहिला.
मी कात्री खाली ठेवली.
त्याची आई म्हणाली, राहू दे, पुढच्या सोमवारी.
दोघं शटरखालून वाकून बाहेर पडले.
भर रस्त्याने ते अर्धं डोकं गेलं,
उघडं,
ओढणी तिच्या खांद्यावरच.
मी दारात उभा राहून बघितलं,
वळणापर्यंत.