सोडवण

सुकती लागली की विटाव्याच्या बाजूने
जुन्या पुलाचे खांब गुडघ्याखाली उघडे पडतात
आणि त्यांच्यावर कालवं,
दगडाला दगड फुटावा तशी.
आई कोयतीचं टोक फटीत घालते,
मनगट एकदाच फिरवते.
वरचं कवच उडतं, आतला ओला करडा जीव
डालडाच्या डब्यात.
खालचं कवच खांबावरच राहतं.
ते कुणाला सुटत नाही,
आईला नाही, खाडीलाही नाही.
तिने रिकाम्या केलेल्या चाळीस वर्षांच्या वाट्या
भरतीला अजून भरतात.

मी ठाण्याला कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या लॅबला.
बरण्या पुसतो, फॉर्मालिन बदलतो,
काचपट्ट्या नंबरवार लावतो.
एकदा शेंड्ये मॅडमनी पालीचं पाऊल भिंगाखाली धरलं,
म्हणाल्या, ये हिराजी, तूही बघ.
डिंक नाही, चूषक नाही,
नुसते केस.
केसाच्या टोकाला आणखी केस,
इतके बारीक की भिंतीला आणि त्यांना
आपण दोघं वेगळे, हे नीट कळत नाही.

घरी येऊन सांगितलं.
आई मोरीत निवट्या धूत होती.
मान न वळवता म्हणाली,
"मंग सोरतं कशी?"

तीस वर्षं मी तोंडी परीक्षेच्या दाराशी उभा,
हे कुणी विचारलेलं ऐकलं नव्हतं.

मग ओटीवरच्या ट्यूबखाली
स्टूल टाकून बसलो, तीन रात्री.
बायको म्हणाली, लॅब तिकडेच ठेवून येत जा.
तिसऱ्या रात्री दिसलं.
पाल पाऊल उचलत नाही, सोलते.
बोटाचं टोक आधी, उलटं, वरच्या अंगाला,
झोपताना आरशावर लावलेली टिकली
सकाळी नखाने कडेपासून उचलावी, तसं.
ओढली असती तर निघाली नसती.
आईला सांगितलं.
ती म्हणाली, "हां. तं कोयती लावतं."

कोपरीला तारेवर एक वटवाघूळ मेलं.
आठ दिवस तसंच उलटं,
वाऱ्याने कातडं हलायचं, पाय नाही.
मॅडम म्हणाल्या, त्यांची कंडरा अंगाच्या वजनानेच अडकते,
धरून राहायला काही लागत नाही,
झोपेतही नाही.
कष्ट पडतात ते सोडायला.
हे मी आईला सांगितलं नाही.
का, ते आत्ता लिहितानाही माहीत नाही.

यंदा दिवाळीपासून तिचा उजवा हात
सकाळी मिटलेलाच असतो.
हातात कोयती नसते,
बोटं मात्र कोयतीएवढी जागा ठेवून वळलेली.
कळव्याच्या डॉक्टरने दाबून पाहिलं,
म्हणाला, आजी, शीर तिच्या नळीत अडकते,
वापरून वापरून गाठ झालीय,
सुई देऊ, नाहीतर छोटं ऑपरेशन.
आई म्हणाली, बगू.
रिक्षात बसल्यावर म्हणाली,
त्याच्या हाताला मासा लागलेला नाय कधी.

आता ती पहाटे ओटीवर बसते.
डाव्या हाताने उजव्याचं एकेक बोट धरते,
मुळाशी नाही, टोकाशी,
आणि हळूच वर सोलत नेते.
टक्.
मग मधलं. टक्.
अंगठ्याला वेळ लागतो, तेव्हा डोळे मिटते.
मी मदतीला पुढे झालो की हात मागे घेते.
ट्यूबमागे पाल स्तब्ध,
खाडीकडून चिखलाचा वास,
आणि तळहात उघडा, पिवळट, ओला,
आत काहीच नाही.

पाहते थोडा वेळ.
मग तो हात कपाकडे जातो,
कपाच्या कानाभोवती पुन्हा मिटतो.
"आज सुकती कवा हाय रं?"